नाताळच्या सुट्टीत लेकराला सातारा दाखवायचं तर

पुण्या-मुंबईकडची बहुतेक कुटुंबं साताऱ्याला वळसा घालून पुढे महाबळेश्वर नाहीतर कोल्हापूर गाठतात. जी साताऱ्यात उतरतात ती किल्ला, विहीर, देऊळ, राजवाडा असं जे जवळ पडेल ते बघत सुटतात आणि दुसऱ्या दिवशी मूल विचारतं, "हे कोणाचं होतं?" उत्तर द्यायची सोपी युक्ती म्हणजे ठिकाणं काळाच्या क्रमानं बघायची. 1708 मध्ये शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज यांचा इथे राज्याभिषेक झाला आणि सातारा राजधानी झाली. 1848 मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. ही दोनच सनं निघण्याआधी मुलाला सांगून ठेवा. पुढचं बहुतेक सगळं त्यांच्यामध्ये किंवा त्यांच्या आसपास बसतं.

खालचा आराखडा एक मोठं माणूस, आठ ते बारा वर्षांचं एक मूल आणि दोन मुक्काम असा हिशेब धरून केला आहे. मूल त्याहून लहान असेल तर रोज एक ठिकाण कमी करा.

तारखा ठरवताना

24 ते 26 डिसेंबर आणि 30 डिसेंबरनंतरचे दिवस शक्यतो टाळा. गर्दी साताऱ्याची नसते, महाबळेश्वरला निघालेल्यांची असते. पण खेड शिवापूर टोलनाका आणि खंबाटकी घाट या दोन ठिकाणी तुम्हीही त्यांच्याबरोबर अडकता. पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर, एरवी अडीच तासांचं काम. या दिवसांत त्याचे चार तास सहज होतात. 27 ते 29 मधले कामाचे दिवस मिळाले तर उत्तम. पुण्याहून सकाळी सातच्या आत निघालात तर शनिवार-रविवारही चालतो.

सोमवार बघून घ्या. शासकीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि सुट्टीच्या हंगामात वेळाही बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं. आणखी एक भानगड शालेय सहलींची. डिसेंबर हा सहलींचा महिना. एसटीच्या लाल गाड्या भरभरून मुलं अजिंक्यतारा किल्ल्यावर आणि सज्जनगडावर उतरतात ती साधारण दहा ते एक या वेळात. त्या वेळात स्वच्छतागृहाला रांग, पाण्याच्या टाकीला रांग आणि आवाज इतका की मुलाला काही सांगता येत नाही. किल्ला नऊच्या आत उरकायचा किंवा दुपारी तीननंतर जायचं.

आणि कास पठाराचं वचन मुलाला देऊ नका. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत आणि कातळ असतो. ठोसेघरचा धबधबाही तोवर बारीक झालेला असतो. इंटरनेटवरचे हिरवेगार फोटो दाखवून मुलाला आणायचं आणि मग पिवळा डोंगर दाखवायचा, त्यापेक्षा ती दोन्ही ठिकाणं पावसाळ्यावर सोडून द्या.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

एक मोठं आणि एक लहान असेल तर एसटी सगळ्यात सोयीची. स्वारगेटवरून साताऱ्याच्या विनाथांबा गाड्या दिवसभर सुटतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट, पाचच्या आत मोफत. आई किंवा आजी बरोबर असेल तर महिला सवलतीत तिचंही अर्धंच. मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. अकरा-बारा वर्षांचं उंच मूल असेल तर वाहक हमखास विचारतो. लॉजवरही दोघांचं आधार लागतं, मोबाईलमधल्या फोटोवर काही ठिकाणी भागत नाही, म्हणून एकेक झेरॉक्स बॅगेत टाका.

खाजगी बस घेतलीत तर ती गावात येत नाही, हायवेवरच उतरवते. "बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरवा" असं चढतानाच सांगून ठेवा, नाहीतर वाढे फाट्यावर बॅगा आणि मूल घेऊन रिक्षा शोधत बसाल. रेल्वेनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला सहा-सात किलोमीटरवर आहे. रात्री उशिराच्या गाडीनं मुलाला घेऊन उतरणार असाल तर रिक्षाची सोय आधी करून ठेवा.

राहायला दोन जागा बऱ्या: बसस्थानक ते पोवई नाका हा पट्टा किंवा राजवाड्याजवळची पेठ. मुलाबरोबर असाल तर पहिला पट्टा निवडा. संग्रहालय, गाड्या, औषधांची दुकानं सगळं पायी होतं. खोली घेताना पहाटे सहाला गरम पाणी येतं का एवढं विचाराच. सौर बंबाचं पाणी सकाळी आठनंतर तापतं आणि आपला बेत पावणेसातला बाहेर पडण्याचा आहे.

गावाची रचना एकदा समजली की रिक्षावाल्याशी बोलणं सोपं जातं. पोवई नाक्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. तिथून राजवाड्याकडे दोन रस्ते जातात, लोक त्यांना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता म्हणतात. पाटीवर त्यांची नावं राजपथ आणि कर्मवीर पथ. बसस्थानक ते राजवाडा तीनेक किलोमीटर. राजवाड्याला जाणाऱ्या शहर बस बसस्थानकातूनच सुटतात. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. थांबायचं असेल तर "जाऊन-येऊन, तासभर थांबून" असं सगळं धरून एकच आकडा ठरवा.

पिशवीत काय

पहाटे गारठा असतो आणि अकरा वाजता ऊन लागतं. जाड जॅकेटपेक्षा बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्वेटर असे तीन थर बरे. एकेक काढून पिशवीत जातो. दोघांना मिळून दोन लिटर पाणी, कारण किल्ल्यावर विकत मिळेलच असं नाही. शेंगदाण्याची चिक्की, दोन केळी, टोपी, टॉर्च, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. बूट घासलेल्या तळव्याचे नकोत, कारण पुढे उतार आहे. मुलाच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. एकट्या पालकाची खरी अडचण तिकिटाच्या खिडकीपाशी होते: तुम्ही पैसे काढता तेवढ्यात मूल दिसेनासं होतं. "मी पैसे देत असेन तेव्हा तुझा हात माझ्या पिशवीच्या पट्ट्यावर" हा नियम पहिल्याच दिवशी लावा.

बाबा आणि मुलगी अशी जोडी असेल तर स्वच्छतागृहाचा विचार आधीच हवा. किल्ल्यावर आणि विहिरीजवळ भरवसा ठेवू नका. निघण्याआधी खोलीवर, नाहीतर वाटेत जेवायला थांबाल त्या हॉटेलात उरकून घ्या.

पहिला दिवस: संग्रहालय, आणि मग खाणं

दुपारी एकपर्यंत पोचा, जेवा, तासभर झोपा. तीन वाजता बसस्थानकाजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जा. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं पहिल्यांदा इथेच ठेवली होती. काही महिन्यांनी ती पुढच्या गावी गेली. मुलाला त्यांचं आमिष दाखवू नका.

लहान मुलाला संग्रहालयात पाऊण तास पुरतो, पुढे ते काचेवर नाक घासायला लागतं. सगळं दाखवायचा हट्ट सोडा. शस्त्रांच्या दालनात तीन गोष्टी शोधायला सांगा: सरळ पात्याचं शस्त्र, वाकड्या पात्याचं शस्त्र आणि मुठीत धरून भोसकायचं शस्त्र. पहिलं धोप, दुसरं तलवार, तिसरं कट्यार. धोपेची मूठ आणि कट्यारीची मूठ यांतला फरक मूल स्वतःच ओळखतं: कट्यारीची पकड आडवी असते, कारण तिचा जोर मनगटातून नाही, सरळ खांद्यातून येतो. फोटो काढायची परवानगी दारात विचारा.

संध्याकाळी राजवाड्यासमोर गांधी मैदानाच्या चौपाटीवर खायला जा. भेळ, पाणीपुरी, डोसे, सगळं मिळतं. साताऱ्याकडची मिसळ मुलासाठी मागवली तर कट वेगळा द्या म्हणा, नाहीतर पुढचा अर्धा तास ताक शोधण्यात जाईल. पाणीपुरी पहिल्या दिवशी नको. पोट बिघडलं तर उद्याचा किल्ला बुडतो. राजवाडा आज नुसता ओझरता दिसू द्या, त्याची पाळी शेवटी आहे. साडेआठला झोप.

दुसरा दिवस, सकाळ: अजिंक्यतारा

डिसेंबरअखेरीस सूर्य साधारण सातला उगवतो. पावणेसातला खोली सोडा. किल्ल्याच्या दरवाज्याजवळपर्यंत डांबरी रस्ता जातो, त्यामुळे रिक्षा किंवा दुचाकी चालते. मूल चालणारं असेल तर अदालतवाड्याच्या बाजूनं पायवाट चढून गाडीरस्त्याला लागता येतं. तिथून दरवाजा एखाद किलोमीटर. सकाळी फिरायला येणारे सातारकर वाटेत भरपूर भेटतात, त्यामुळे वाट सुनी वाटत नाही. रिक्षानं वर जाऊन पायी उतरणं हा मधला मार्ग; फक्त उतारावर मुलाला पळू देऊ नका. सुट्या खडीवर घसरणं इथे नेहमीचं आहे आणि गुडघा हमखास फुटतो, तेव्हा पट्टी जवळ असू द्या.

आत गेल्यावर आधी तटाच्या कडेनं चक्कर मारा, देवळं नंतर. फेरी घाई न करता दोन तासांत होते. पहिला दरवाजा आणि त्याचे दोन्ही बुरूज शाबूत आहेत. दरवाजा असा वळणावर का, हे मुलाला विचारा. हत्तीला धडक द्यायला सरळ धाव लागते आणि वळणावर ती मिळत नाही. आत मारुती आणि महादेवाची देवळं, प्रसारभारतीचं केंद्र, ताराराणींच्या वाड्याचे अवशेष, पुढे मंगळाईचं देऊळ आणि तिच्या नावाचा बुरूज. किल्ल्यावर तळी आहेत, त्यांच्या काठाला कठडा नाही.

मंगळाईच्या बुरुजापाशी बसा आणि चिक्की काढा. इथे सांगायची गोष्ट याच महिन्यातली आहे. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबानं स्वतः येऊन या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. तोफांनी काम होईना म्हणून मोगलांनी डोंगराच्या पोटात सुरुंग खणले. एप्रिल 1700 मध्ये पहिला सुरुंग उडाला तेव्हा तट आत कोसळला आणि खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांना जिवंत बाहेर काढलं. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला पडला, थेट खाली हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगल सैनिकांवर. त्यांची शेकडो माणसं आपल्याच सुरुंगानं मेली. किल्ला पडला तो पुढे, राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी आल्यावर. औरंगजेबानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं. ताराराणींच्या फौजेनं तो परत घेतला, आणि अजिंक्यतारा हे नाव तेव्हापासूनचं.

मग शाहू. ते सात वर्षांचे असताना, 1689 मध्ये, आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले आणि सुटले 1707 मध्ये, पंचविशीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो. सुटल्यावर पुढच्याच जानेवारीत, 1708 मध्ये, याच गडावर त्यांचा राज्याभिषेक झाला. किल्ल्यावर राहून राज्यकारभार होईना, म्हणून पुढे खाली पेठा वसल्या. उत्तरेच्या तटावरून त्या सगळ्या दिसतात. तुमचं लॉज कुठे आहे ते मुलाला शोधू द्या. हवा स्वच्छ असेल तर जरंडेश्वर, चंदन-वंदन, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचं पठार आणि सज्जनगडही ओळखता येतात. नऊनंतर धुरकट होतं.

दुसरा दिवस, दुपार: लिंबची बारा मोटेची विहीर

साताऱ्यापासून पुण्याच्या दिशेनं पंधरा-सोळा किलोमीटर. एसटीनं लिंबला जाता येतं, पण विहीर गावाच्या पुढे शेतात आहे आणि परतीच्या गाडीचा भरवसा नाही. इथे मात्र रिक्षा किंवा गाडी ठरवून जाणंच शहाणपणाचं. तीनला निघा म्हणजे उन्हाची तिरीप आत असताना पोचाल. पाचच्या पुढे थांबू नका. डिसेंबरात ऊसतोड जोरात असते, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. अंधारात दुचाकीवर मूल घेऊन त्यांच्यामागे असणं वाईट.

विहीर शाहू महाराजांच्या काळातली. 1719 ते 1724 या वर्षांत वीरूबाईसाहेब भोसले यांनी बांधून घेतली. खोली सुमारे 110 फूट, व्यास सुमारे 50 फूट, आकार अष्टकोनी, वरून पाहिला तर शिवलिंगासारखा. जिना उतरून गेलं की चक्क विहिरीच्या पोटात महाल लागतो. त्याच्या भिंतींवर गणपती, हनुमान, वाघासारखे शरभ, कमळं कोरलेली आहेत. उन्हाळ्यात गारव्याला बसायची ही जागा.

नाव बारा मोटांवरून पडलं. आजच्या मुलानं मोट पाहिलेली नसते, म्हणून आधी वर, मोटेच्या जागेवर उभं राहून समजावून सांगा. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल, तिला खाली सोंड. जाड दोर तो नाडा, तो चाकावरून जाऊन बैलांच्या जोडीला बांधलेला. सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल उतरत्या धावेवरून खाली चालत गेले की मोट वर येते. सोंदूर सोंडेला बरोबर वेळी ओढतो, सोंड थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या हौदात, वाकते, पाणी पडतं आणि पाटानं शेताला जातं. बैल मागे मागे सरकत परत येतात, मोट खाली. एका मोटेला एकच जोडी धरली तरी बारा मोटांना चोवीस बैल. हे गणित मुलाला करू द्या. "इतक्या पाण्याचं काय करायचे?" याचं उत्तर आंब्याची बाग.

धोका एकच, पण मोठा: कडेला सगळीकडे कठडा नाही आणि मोटांच्या जागा सरळ पाण्यावर उघडतात. मुलाला वाकून बघायचं असेल तर पोटावर झोपून, पाय तुमच्या हातात. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि ओल्या असतात. उतरताना तुम्ही पुढे, चढताना मूल पुढे. सेल्फी काढताना मागे सरकणं हा इथला ठरलेला गाढवपणा.

तिसरा दिवस: माहुली, राजवाडा, चार भिंती

सकाळी आठला माहुली. गावापासून पूर्वेला पाचेक किलोमीटर, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे. एका काठाला संगम माहुली, दुसऱ्या काठाला क्षेत्र माहुली. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी शाहूंच्या कारकिर्दीत बांधलं. राजघराण्याच्या समाध्याही इथे नदीकाठी आहेत. मुलांना मात्र आवडतं ते शाहू महाराजांच्या कुत्र्याचं स्मारक. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात. पलीकडची क्षेत्र माहुली हे नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला देहांत प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव.

घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि दोन्ही नद्यांवर वर धरणं आहेत, कृष्णेवर धोम आणि वेण्णेवर कण्हेर. पाणी सोडलं की ऊन असतानाही पातळी वाढते. पाय बुडवायला म्हणून मुलाला सोडू नका.

साडेदहाला राजवाडा. गोल बागेसमोर दोन वाडे आहेत, जुना आणि नवा. दोन्ही सहजासहजी आतून बघायला मिळत नाहीत, बाहेरूनच बघायचे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना 1818 मध्ये इंग्रजांनी गादीवर बसवलं आणि 1839 मध्ये त्यांनीच उतरवून काशीला धाडलं. जुना वाडा त्यांच्या काळातला. याच वाड्यातल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर दाखल झाले; म्हणून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलाच्या शाळेत तो होत असेल, पण का ते बहुधा माहीत नसतं. सांगायला याहून चांगली जागा नाही.

तिथून चार भिंती. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची ही चढण छोटी, मूल वीसेक मिनिटांत चढतं. दसऱ्याची मिरवणूक बघायला बांधलेली ही जागा पुढे 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक झाली. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे राहून हात हलवत परतले, ती हकीकत इथे सांगा. 1848 चं सन मुलानं आठवून सांगितलं तर बरं, नाही सांगितलं तरी हरकत नाही.

दिवस उरला तर

सज्जनगड घ्या, साताऱ्यापासून पंधरा किलोमीटर. गाडीतळापासून पायऱ्या आहेत, मूल अर्ध्या तासात वर जातं. दुसऱ्या दरवाज्याच्या आतला फारसी शिलालेख, समर्थांच्या शेजघरातल्या वस्तू आणि राममंदिराखालची समाधी एवढं पुरे. दुपारच्या महाप्रसादाला थांबा; पानात तेवढंच घ्या जेवढं मूल संपवेल, वाढपी उष्टं टाकू देत नाहीत. अजिंक्यतारा आणि सज्जनगड एका दिवशी करू नका. दुसऱ्या गडावर मूल तुमच्या खांद्यावर असतं.

वाई-मेणवलीही सुचवली जाते. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची वसईहून आणलेली घंटा मुलांना आवडते. नाताळात मात्र सुरूर फाट्याला महाबळेश्वरची रांग लागते, तेव्हा सकाळी आठच्या आत वाईत पोचणार असाल तरच जा.

परत निघताना कंदी पेढे बसस्थानकाऐवजी राजवाड्याकडच्या जुन्या दुकानांतून घ्या. कंदी पेढ्याचा खवा जास्त भाजलेला असतो, म्हणून रंग तपकिरी आणि साखर कमी. पांढुरका, ओलसर दिसला तर तो भाजलेला नाही. गरम पेढे बंद डब्यात भरले की वाफ धरून दुसऱ्या दिवशी बुरशी येते. कागदी खोक्यातच घ्या आणि गाडीत वरच्या कप्प्यात ठेवा, इंजिनाजवळ नको. शनिवारी-रविवारी दुपारी चारनंतर पुण्याच्या गाड्या भरून येतात, तेव्हा परतीचं आरक्षण आदल्या दिवशी करा किंवा दोनची गाडी धरा.